लाह्यांचा नंदी

अव्वांना मातीत बसवून तिसरा दिवस उजाडला, आणि महादेवीच्या ध्यानात आलं की आपण अजून एकदाही रडलो नाही.

सवडच मिळाली नव्हती. आधी जंगम अय्या आले, मग विभूती, बेल, शेवंतीची फुलं, मग शेताकडे चालत निघालेलं अर्धं वालूर. जो तो म्हणत होता, सिद्धम्मा लिंगैक्य झाली, शिवाला जाऊन मिळाली, आनंदाची गोष्ट आहे, डोळ्यांना पाणी आणायचं नाही. आता बावीस वर्षं जिच्या धाकात चूल फुंकली ती सासू शेवया वळता वळता पाटावरच कलंडते आणि जाते, तर सुनेनं करायचं काय? महादेवीनं आल्यागेल्याला गूळपाणी दिलं. मेलेल्याचं सूतक धरायचं नाही, ही या लिंगायत घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रीत चांगलीच आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण ती घालून देताना कुणी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं नसावं, एवढं खरं.

तिनं मागच्या खोलीचं दार लोटलं. माघाची थंडी उतरणीला लागली होती, तरी फरशी पायाला चावत होती. लेकीचं, चन्नीचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि तिचं रुखवत इथं मांडून ठेवलेलं. खोबऱ्याच्या वाट्यांवर सुईनं कोरलेली कमळं. हळदीनं आणि पळसाच्या फुलांनी रंगवलेले पापड. शेवयांचं घरटं, त्यात कापसाची साळुंकी. खणाच्या चिंध्यांचे पोपट, जानवशाच्या दाराला बांधायला एका दोऱ्यात ओवलेले. आणि मधोमध, पाटावर, ज्वारीच्या लाह्यांचा नंदी. हातभर उंच, गुळाच्या पाकात बांधलेला, पाय मोडून ऐसपैस बसलेला. पण वशिंड नव्हतं आणि डोकंही नव्हतं. शेवया आटपल्या की ते करू, म्हणाल्या होत्या अव्वा.

या कामाला अव्वा दुसऱ्याचा हात लागू देत नसत. महादेवीकडे गूळ फोडायचं काम, बावीस वर्षं तेवढंच. ‘तुझ्या हाताला घाई लय,’ असं म्हणायच्या. चांगलं असं कधी म्हणाल्या नाहीत, भाकरीला नाही, लेकीला नाही. त्यामुळं पाणवठ्यावर बायका काय कुजबुजत होत्या ते महादेवीला कुणी सांगायची गरज नव्हती. सासू गेली ठीक झालं, घरदार हाती आलं. म्हणा बायांनो, म्हणा. हाती आलेलं घरदार तिला या खोलीत उभं राहून बघवत नव्हतं.

स्वयंपाकघरात काहीतरी चर्रर्र वाजलं. ती धावत आली तर धुरपताबाई चुलीपुढं बसलेली. पेटती लाकडं बाहेर ओढलेली, आणि तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतून झालेलं. धुरपताबाई शेजारच्या वाड्यातली, मराठ्याची, माळकरी. अव्वांच्या आणि तिच्या शेताचा बांध एक, आणि चाळीस वर्षांची मैत्री.

“अवो काकू, हे काय करायलाव?”

“काय करायलाव म्हंजे? तीन दिस झाले बगायले मी, तुमच्या चुलीतून धूर निगायलाय. घरातलं मानूस गेलं न्हवं? दहा दिस या चुलीला हात लावू नगंस. भाकरी मी आणीन. ही बग, आणलीच हाय.” टोपलीत भाकरी होत्या, वर पिठल्याचं गाडगं.

“काकू, आमच्यात सूतक नसतंय.”

“म्हाईत हाय मला. सिद्धानंच सांगितलंय शंभर डाव. भांडलो बी त्याच्यावरून आमी.” धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. “तुमच्यात नसंल माय. माझ्यात हाय. माझी मैतरीण गेली!”

आणि तिनं गळा काढला. मोकळा, लांब, गल्लीत ऐकू जाईल असा. तीन दिवसांत या घरात रडलेलं ते पहिलं माणूस.

महादेवीला नको म्हणता आलं असतं. जाळ परत घालायला कितीसा वेळ लागतो! पण ती तिथंच भिंतीला टेकून बसली. तिला रडू आलं नाही, पण कुणीतरी रडतंय हे ऐकून छातीवरचं ओझं इकडचं तिकडं झालं. चूल तिनं विझलेलीच राहू दिली.

बाहेर ओसरीवर दोघा भावांची जुंपली होती.

नागप्पा पूर्णेला रेल्वेत टिकिटबाबू. अव्वांचं शेंडेफळ. निरोप उशिरा मिळाला, सेलूला उतरून बैलगाडी मिळवीपर्यंत दिवस कलला, आणि तो वालुरात पोचला तेव्हा माती देऊन माणसं परत फिरत होती. आईचं तोंड त्याला बघायला मिळालं नव्हतं. हे तो कुणाजवळ बोलला नाही. लग्नावर बोलत राहिला.

“दादा, लगीन फुडं ढकला.”

“कामून?” ईश्वरअप्पांनी विचारलं. महादेवीचा नवरा; किराण्याचं दुकान, घर, भाऊबंद, सगळं सांभाळून खांदे उतरलेला माणूस.

“कामून? अव्वाच्या मातीवरला बेल अजून हिरवा हाय, अन् तुमी दारात सनई बसवता?”

“अय्या काय म्हणले, ऐकलं न्हाईस?”

“अय्यांची आई न्हवती ती. माझी व्हती.”

ईश्वरअप्पा आवाज खाली आणून म्हणाले, “हे बग नागू. मलाबी सनई गोड लागणार न्हाई. पण पाथरीचा व्याही, रामलिंगअप्पा, कसा हाय तुला ठावं न्हाई. सुतक धरणाऱ्या घरची पोरगी करत नसतो तो. त्याच्या थोरल्या पोराची सोयरीक ठरली व्हती, पोरीच्या बापानं चुलता गेला म्हणून चार दिस फोडणी बंद ठेवली, तर यानं नारळ परत पाठवला. आपण तारीख बदलली की चन्नीचं लगीन मोडलं, समज. मोडलेल्या सोयरिकीच्या पोरीला पुन्ना कोण करून घेतंय?”

“मोडलं तर मोडलं,” नागप्पा म्हणाला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

दाराआड चन्नी उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं. पाथरीचा मुलगा तिनं एकदाच पाहिला होता, बघायच्या कार्यक्रमात, तोही खालच्या मानेनं. त्याचे कान तेवढे नीट दिसले होते. मोठे होते, आणि लाजेनं लाल झालेले. अज्जी जाऊन तीन दिवस झाले नाहीत आणि आपल्याला ते कान आठवतात, याची तिला इतकी शरम वाटली की ती तिथून हलली. तिला लग्न हवं होतं. हवं म्हणायला जागा नव्हती, एवढंच.

दुपारी दारात बैलांची दमणी थांबली आणि रामलिंगअप्पा उतरले.

न कळवता आले होते. समाचाराला यायला कुणी कळवत नाही. साठीचा ताठ माणूस, कपाळभर विभूती, पांढरं धोतर पाथरीपासूनच्या धुळीनं तांबूस झालेलं. पाय धुताना त्यांनी दोघा भावांचे चेहरे पाहून घेतले. थोरला घाबरलेला, धाकटा रागावलेला. मरणाच्या घरात असले चेहरे त्यांना आवडत नसत. माणूस शिवाला मिळालं तर मागच्यांनी कसं राहावं, हे त्यांनी आपल्या स्वतःच्या घरी करून दाखवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं. पाथरीतले लोक अजून ते सांगतात.

“सिद्धम्माचं सोनं झालं,” ते म्हणाले. “पूजा व्हायची हाय माझी. जरा विस्तव द्या, धूप घालतो.”

चन्नी धुपाटणं घेऊन आत गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. ईश्वरअप्पांनी हाक मारली. मग ती आली, धुपाटणं तसंच रिकामं हातात धरून.

“काय झालं?”

“विस्तव न्हाई,” चन्नी म्हणाली.

“भर दुपारी घरात विस्तव न्हाई?” रामलिंगअप्पा उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. विझलेली चूल, राखेचा चिखल, मराठ्याघरची भाकरीची टोपली आणि टोपलीशेजारी बसलेली म्हातारी, एवढं त्यांनी पाहिलं. जास्त पाहायची गरज नव्हती.

“असं हाय तर,” ते परत येत म्हणाले. आवाज चढवला नाही. “सुतक धरलंय तुमी. तोंडानं शिवाचे शरण म्हणवायचं अन् घरात चूल विझवायची. ईश्वरअप्पा, माझी सून या घरातनं यायची व्हती.”

“न्हाई हो, न्हाई!” ईश्वरअप्पांचे हात जोडले गेले. “आमी कशाला धरू? ही शेजारीण... अडाणी बाई... सकाळी घुसली अन् पाणी ओतलं. आमचा काय संबंध? आमी तिला बोलवलं बी न्हाई.”

आत धुरपताबाईनं ते ऐकलं. चाळीस वर्षं ज्या घरात ती मागल्या दारानं, न विचारता येत होती, त्या घरानं तिला बोलावलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, टोपली उचलली. “जाते बापा,” म्हणाली, कुणाकडं न बघता.

“दादा!” नागप्पा ताडकन उभा राहिला. “अव्वाच्या मैतरणीला असं बोलता? इज्जत ठेवायला हेच मानूस घावलं का?” मग पाहुण्यांकडं वळून, “आप्पा, माझ्या आईसाठी या गावात ही एकटी रडली. तिला तुमी सुतक म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.”

झालं. आता लग्न मोडायला काही उरलं नव्हतं. रामलिंगअप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि गाडीवानाला हाक मारायला तोंड उघडलं.

“काकू, थांबा. आप्पा, तुमीबी थांबा.”

महादेवी दारात आली होती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, हात चौकटीवर. बावीस वर्षांत या घरातल्या पुरुषांनी तिचा आवाज ओसरीवर ऐकला नव्हता. ईश्वरअप्पांनी डोळ्यांनी दटावलं. तिनं तिकडं पाहिलंच नाही.

“चूल काकूंनी विझवली, पण विझलेली मी ठेवली. त्यांना बोल लावू नका. सुतक म्हणून न्हाई ठेवली. माझ्या अंगात पेटवायचं बळ न्हवतं.” पुढचं बोलताना आवाज फाटला. “माझी सासू गेली, आप्पा. तिनं मला एक डाव बी चांगलं म्हणलं न्हाई. अन् आता कदीच म्हणणार न्हाई. तुमी सगळे म्हणता सोनं झालं. झालं असंल. पण मला रडायचंय. तीन दिस झाले, मला कुणी रडू दिलं न्हाई.”

ती एक पाऊल ओसरीवर पुढं आली.

“लगीन तुमी म्हणाल त्या दिशी करू. रुखवत आजच पुरं करते. चूल आत्ता पेटवते. पण मी रडत रडत करणार. रडणाऱ्या घरची सून चालत नसंल तर आत्ता सांगा, म्हंजे मी पाक करायची न्हाई.”

रीत म्हणून जे जे रामलिंगअप्पांना पाठ होतं, त्यात असा प्रश्नच नव्हता. ते खाली बसले. “धूप तर व्हायचाय माझा,” एवढंच म्हणाले.

पण चूल पेटवायला विस्तव लागतो, काडी ओढायची या घरात पद्धत नव्हती, आणि विस्तव जवळ होता तो फक्त धुरपताबाईच्या घरी. सगळ्यांना ते कळलं, तसं तिलाही कळलं. दहा दिवस विझलेली ठेवायची चूल आपल्याच घरच्या निखाऱ्यानं पेटवायची, म्हणजे तिच्या रितीप्रमाणं पापच. ती अंगणात टोपली धरून उभी राहिली. ओठ हलले, देवाशी काहीतरी बोलली असावी. मग टोपली चन्नीच्या हातात दिली.

“आता देव भांडंल मला वर गेल्यावर,” म्हणाली. “सिद्धा तर भांडणारच व्हती, चूल विझवली म्हणून. खापर दे गं, मी आणते.”

चूल पेटली. पहिला निखारा धुपाटण्यात गेला. दुसऱ्या बाजूला कढईत गूळ पडला.

चन्नी ज्वारी भाजायला बसली. लाह्या तडतडत खापराबाहेर उडत होत्या, आणि एरवी त्या वेचताना घरात केवढा दंगा व्हायचा! आज कुणी हसलं नाही, पण काम मात्र हाताला येत गेलं. महादेवी पाक ढवळत होती आणि रडत होती. पदरानं डोळे पुसत नव्हती, हात मोकळे नव्हते. धुरपताबाई बशीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून बघायची, “आजून न्हाई... आजून न्हाई... आता उतरीव!” म्हणायची. ते अव्वांचं काम होतं. महादेवीनं चटका सोसत पाकातल्या लाह्यांचा गोळा उचलला आणि नंदीच्या मानेवर बसवला. मुस्कट बरं आलं, शिंगं मात्र वाकडी होऊन खाली लोंबली.

“घाई लय हाय तुझ्या हाताला,” धुरपताबाई म्हणाली, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

महादेवीला त्यावर असा हुंदका फुटला की कढई चन्नीनं धरली म्हणून वाचली. तीन दिवसांचं, आणि कुणी सांगावं, बावीस वर्षांचं बाहेर आलं. धुरपताबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. “रड माय, रड. ती मला काय म्हणायची ठावं हाय? म्हणायची, सुनंला चांगलं म्हणलं की दिष्ट लागती. आमच्या महादेवीला म्हणून मी कदी म्हणत न्हाई.”

हे खरं होतं की धुरपताबाईनं त्या वेळी रचलं, ते कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. महादेवीनं कधी विचारलं नाही.

नागप्पा दारात येऊन उभा होता. बूट काढून आत आला, हात धुतले. “वैनी, वशिंड मी करतो,” म्हणाला. “ल्हान असताना अव्वा मला करू द्यायची.” महादेवीनं सरकून जागा दिली. हात पोळला की तो ‘स्स’ करायचा, आणि गालावरून काय ओघळतंय ते पुसायच्या निमित्तानं तोंड बाहीत घालायचा. लग्न पुढं ढकलायचं तो पुन्हा बोलला नाही. ईश्वरअप्पा मागून आले. धुरपताबाईसमोर उभे राहिले, आणि खाली वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला. “चुकलो, काकू.” ती म्हणाली, “सरक, उजेड अडवायलास.”

रामलिंगअप्पांची पूजा कधीच संपली होती. ते ओसरीवर बसून आतलं ऐकत होते. पाकाचा खमंग वास बाहेर येत होता. एवढी माणसं रडत होती आणि एवढी माणसं काम करत होती, आणि एकानं दुसऱ्याचं अडत नव्हतं. हे त्यांना नवीन होतं. दुकान उघडलं त्या सकाळी आपण पहिल्या गिऱ्हाइकाला काय दिलं, ते त्यांना आठवेना. मागितलं होतं मीठ की दुसरं काही? तागडी हातात नीट राहत नव्हती, तेवढं आठवलं.

ते उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. बायकांनी पदर सावरले. नंदी पुरा झाला होता. शिंगं नागप्पानं धरून सरळ केली होती, पाक थंड होईपर्यंत तो ती सोडत नव्हता.

“लगीन ठरल्या दिशीच,” रामलिंगअप्पा म्हणाले.

चन्नीनं मान खाली घातली. ईश्वरअप्पांनी मोठा श्वास सोडला.

धुरपताबाईला मात्र राहवलं नाही. “ते झालं पाव्हणं. पण जानवशात रुखवत उघडंल कोण? नवरदेवाच्या आईनं, इहिणीनं, नाव घेतल्याबिगर वरचं कापड काढत नसतेत. तुमच्या घरात तर इहीणच न्हाई.”

महादेवीनं तिला कोपरखळी मारली, पण शब्द जाऊन पडले होते. रामलिंगअप्पांनी उंबऱ्यावर हात टेकला आणि तिथंच खाली बसले, जोड्यांशेजारी, पाट कुणी देईपर्यंतही न थांबता.

“मी घेईन नाव,” ते म्हणाले. “लग्नात एकदा घेतलं व्हतं तिचं. मागून कदी घ्यायचं कामच पडलं न्हाई. गेल्यावरबी न्हाई घेतलं. लोक म्हणले, शरण असावा तर असा.”

त्यांनी घसा साफ केला. चुलीत लाकूड सरकवायला गेलेली चन्नी तशीच थांबली. उखाणा जुळवायचा तर आधी नाव उच्चारून बघावं, एवढंच त्यांच्या मनात असावं.

“नर्मदा,” रामलिंगअप्पा म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.